बटाट्याच्या बालेकिल्ल्यात पान कापिल्याची हकीकत

वाचणारांचे सेवेसी बखरनवीसाचा मुजरा पोहोचे. थोर थोर लढाया जाहल्या, त्या लिहिणारांनी लिहिल्या. परंतु कॉलेजच्या प्रयोगशाळेत पानाच्या एका चकतीवरोन जे रण माजले, त्याची दाद कोणी घेतली नाही. सबब आम्ही कंबर बांधोन लिहितो. हासू नये. ज्याने पान उभे धरोन पातळ कापिले असेल, त्यानेच हासावे.

तरी खाशा ताईसाहेब वनस्पतीशास्त्राच्या प्रात्यक्षिकात दोन वेळा नामोहरम जाहल्या होत्या. पहिले खेपेस चकती विटेएवढी जाड निघाली आणि भिंगाखाली काळोख पडला. दुसरे खेपेस चकती उत्तम, परंतु चित्रात पानाची वरची बाजू खाली आणि खालची वर लिहिली गेली, आणि चुकले कोठे ते उमगले नाही. आता तिसरी मोहीम, तीच अखेरची. रोपवाटिकेच्या मालकीणबाईंनी रोपे तपासण्याची नोकरी ताईसाहेबांसाठी राखोन ठेविली होती, परंतु पास जाहल्याखेरीज रुजू करोन घेणार नाही ऐसे बजाविले होते.

मग घरी तयारी मांडिली. बटाट्याच्या फोडीस खाच पाडोन त्यात पान उभे रोवावे आणि ब्लेडने फोडीसकट चकत्या काढाव्या, ऐसा या विद्येचा शिरस्ता. एकदलाची फौज कुंपणाच्या गवतातोन फुकट मिळाली. परंतु द्विदलाचा मुलूख एकच, तो गॅलरीतील जास्वंद, आणि त्यावर अंमल आत्याबाईंचा. हुकूम साफ होता की, "माझ्या जास्वंदीला हात लावशील तर याद राख!" ताईसाहेबांनी हुकूम शिरसावंद्य मानिला, आणि आत्याबाईंची पाठ फिरली की एकेक पान गनिमी काव्याने उडविले. होता होता झाड बोडके जाहले, बटाटे सगळे घायाळ, आणि मसलत फुटली. तेव्हा घरात जो गदारोळ जाहला तो आमच्याने लिहवत नाही. अखेर तह ठरला की, पास झालीस तर गुन्हा माफ. नापास झालीस तर या घरात तुला बटाटा दिसणार नाही.

मग परीक्षेचा दिवस उगवला. परीक्षक सरकारांनी एकदल कोणते आणि द्विदल कोणते ते ओळखावयास पानांचे दोन तुकडे दिले, तेही इतके चिमुकले की शिरा समांतर धावतात की जाळे विणतात, याचा थांग लागू नये. ताईसाहेबांनी पहिली चकती लाल रंगात न्हाणोन काचेवर निजविली. पाहतात तो दोन्ही कातड्यांस श्वासाची छिद्रे सारखीच, मधला गाभा सगळा एकाच जातीचा, आणि एका कातडीत फुगीर पेशींचा जमाव. एकदल! गड पहिला हाती आला.

दुसऱ्या चकतीत एका बाजूस पेशी खांबांप्रमाणे खेटोन उभ्या, दुसऱ्या बाजूस पेशी विस्कळीत, मध्ये हवेच्या पोकळ्या, आणि छिद्रे बहुतेक तिकडेच. द्विदल, यात शंका नाही. परंतु खांब खाली आणि पोकळ्या वर! गतवर्षी हेच दिसले होते, हेच लिहिले होते, आणि हेच नडले होते. ताईसाहेबांनी पुन्हा निरखावे म्हणोन काच डावीकडे सरकविली, तो आतले चित्र उजवीकडे पळाले. अगं बाई! भिंगातोन सगळे उलटेच दिसते की!

मग सरकारांनी विचारिले की, "वरची बाजू कोणती?" ताईसाहेबांनी काढिलेल्या चित्रात खाली बोट दाखविले.

"खाली? ती कशी काय?"

"सर, खांब असतात ती उन्हाकडची बाजू, म्हणजे वरची. भिंगातून ती उलटी दिसते, एवढंच." सरकारांनी मान डोलाविली आणि पास केले.

स्वारी घरी दाखल जाहली, तो आत्याबाई दारातच उभ्या. तहाप्रमाणे गुन्हा माफ जाहला. मग त्यांनी गॅलरीत जावोन जास्वंदीचे उरलेले एकुलते पान आपल्या हातांनी तोडिले आणि फर्माविले की, "झाड बोडकं केलंसच, आता दाखव तरी आत काय होतं." ताईसाहेबांचे डोळे भरोन आले. मग त्यांनी पान उजेडात धरोन, वरची बाजू गर्द हिरवी आणि खालची फिकी का, ते सारे सांगितले, आणि आत्याबाईंनी चष्मा पुसोन दोन्ही बाजू उलटसुलट पाहिल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते पावली, ती नोंदिली असे. रात्री बटाट्यांचीच भाजी जाहली. सगळ्या फोडींस खाचा होत्या.