सोनाक्काच्या नावावरची रेघ

एका जंगलात, बाळांनो, प्राणी सिंहाला भीत नसत एवढे एका वहीला भीत. तुम्ही म्हणाल, वहीला काय दात असतात? दात नसतात. पण सिंहाचं पोट भरलं की तो झोपतो, आणि वही झोपत नाही.

ही वही असायची तुळाजीपंत साळिंदराकडे. तुळाजीपंत जंगलाचा दप्तरदार होता. स्वतःच्या पाठीवरचा काटा उपटायचा, बिब्ब्याच्या रसात बुडवायचा आणि सालीच्या पानांवर लिहायचं, हे त्याचं काम. परीट लोक कपड्यांवर खुणा करतात तो हाच बिब्बा. कितीही धुवा, जात नाही. आणि तुळाजीपंताचं अक्षर असं की ज्याला शिक्षा झाली तोही आपलं नाव बघून क्षणभर खूश व्हायचा.

त्या जंगलात ओढ्याकाठी भांगेचा पाला उगवत असे. दोन पानं खाल्ली की हसू यायचं, तिसरं खाल्लं की झोप. कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण एकदा एक माकड तो पाला खाऊन भर दरबारात आलं आणि महाराजांच्या आयाळीकडे बघून हसत सुटलं. महाराजांनी दुसऱ्या दिवशी हुकूम काढला. पाला खाणं गुन्हा. खाणाऱ्याचं नाव वहीत. आणि वहीत नाव असलेल्याला जंगलाचं कोणतंही काम मिळणार नाही.

आता या जंगलात एक अस्वलीण होती, सोनाक्का. ती पिल्लांच्या शाळेत झाडावर चढायला शिकवायची. खरं म्हणजे उतरायला शिकवायची. चढायला काय, कोणीही चढतं. सोनाक्काचं पहिलं पिल्लू हिरड्याच्या झाडावर चढलं होतं आणि त्याला उतरता आलं नव्हतं. ते पडलं तेव्हा ती झाडाखालीच उभी होती. त्यानंतर जंगलातल्या कोणाच्याही पिल्लाच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच तिने मनाशी धरलं होतं. तिच्या वर्गातलं एकही पिल्लू कधी पडलं नाही.

तुळाजीपंत तिचा लहानपणापासूनचा शेजारी. हुकूम निघाल्यानंतर दोन महिन्यांनी एका दुपारी दोघं ओढ्याकाठी बसले होते. उन्हाळा होता, गप्पा रंगल्या होत्या. सोनाक्काने दोन पानं खाल्ली. तुळाजीपंताने तीन खाल्ली. मग एक खेकडा तिरपा चालत गेला, तो बघून दोघं पोट धरून हसले. टिटवीने हे पाहिलं आणि आरडाओरडा केला. पहारेकरी तरस आला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने गुन्हेगारांची नावं लिहून घ्यायला जंगलाच्या दप्तरदाराला हाक मारली.

दप्तरदार तिथेच होता, जरा डुलत होता, पण होता. त्याने वही उघडली आणि सोनाक्काचं नाव लिहिलं. फार सुरेख लिहिलं. मग तो स्वतःच्या नावापाशी अडला. आपलं नाव आपणच सरकारी वहीत लिहायचं म्हणजे जरा आत्मप्रौढी दिसेल, असं त्याला वाटलं. तसाही तो मुळात विनयशील होता. त्याने वही मिटली.

सोनाक्काने त्याच्याकडे नुसतं बघितलं. ही गोष्ट तिने त्या दिवशीही काढली नाही आणि नंतर कधीही काढली नाही. तुळाजीपंताला मात्र पुढे बारा वर्षं ती समोरून आली की काटे आपोआप उभे राहायचे. लोकांना वाटायचं, दप्तरदार किती दरारा राखून आहे.

शाळेत सोनाक्काच्या जागी मृणालबाई चितळ आल्या. त्या मुख्याध्यापिकाही होत्या. त्या झाडावर चढणं तोंडी शिकवत, कारण चितळाला झाडावर चढता येत नाही. पिल्लांना सगळे नियम पाठ होते. दर आठवड्याला एखादं पिल्लू वर अडकायचं आणि मग त्याचे आईबाप येऊन खाली गवत पसरायचे. काही पिल्लं गवतावर पडायची. काही गवताच्या बाजूला पडायची.

बारा वर्षांनी महाराजांचा गुडघा दुखायला लागला. वैद्याने सांगितलं, रोज सकाळी भांगेची चार पानं. आता महाराज गुन्हा कसा करणार? म्हणून गुन्हाच रद्द झाला. आठ दिवसांत ओढ्याकाठी पाल्याच्या टपऱ्या उभ्या राहिल्या. सगळ्या दिवाणजींच्या, म्हणजे कोल्ह्याच्या. टपरीचा परवाना ज्याचं नाव वहीत नाही त्यालाच मिळत होता. कोल्ह्याचं नाव वहीत नव्हतं. त्याने पाला कधी खाल्लाच नव्हता, बारा वर्षं फक्त चोरून विकला होता, आणि विकणाऱ्यासाठी वहीत रकाना नव्हता. रकाने आखले होते तुळाजीपंताने.

गुडघा बरा झाल्यावर महाराजांचं मन मोठं झालं. पाल्यापायी ज्यांची नावं वहीत गेली त्या सगळ्यांना माफी, असं त्यांनी जाहीर केलं. नावं काढून टाका, म्हणाले, आणि फिरायला गेले.

तुळाजीपंताला त्या दिवशी जेवण गोड लागलं. बारा वर्षांचं ओझं आता उतरणार होतं, तेही सरकारी कामाच्या वेळेत. त्याने चार दिवस खपून माफीचे नियम तयार केले. नियम फार बारकाईचे झाले. कोणावरही अन्याय होऊ नये म्हणून त्याने एकही पळवाट ठेवली नाही, आणि वाटही राहिली नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

पहिला अर्ज सोनाक्काचा होता. ती आता म्हातारी झाली होती. एका डोळ्यात पडदा आला होता. तिने सांगितलं की दुसरा डोळा चांगला आहे तोवर दोन पावसाळे तरी पोरांना शिकवीन म्हणते.

तुळाजीपंताने तिला नियम समजावून सांगितले. आधी गुन्हा केला होता असं स्वतःच्या पंजाच्या ठशासह कबूल करायचं. मग टिटवी पाणवठ्यावर पंधरा दिवस जाहीर नोटीस वाचणार, कोणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. मग हरकतींची सुनावणी. मग नावावर गेरूची लाल रेघ. मग दाखला. दाखला गळ्यात बांधायचा, कोणी विचारलं तर चटकन दाखवता यावा म्हणून.

सोनाक्काने सगळं ऐकून घेतलं.

"व्हय रं तुळाजी," ती म्हणाली, "त्यापरीस नुसतं ते एक पान फाडून टाकता येत न्हाई का?"

"पान फाडलं तर वही बाद होते, अक्का."

"मग हू दे की बाद."

वही बाद होऊ द्यावी, हा विचारच तुळाजीपंताने कधी केला नव्हता. त्याने तिच्यापुढे ठशाची साल सरकवली. तिने पंजा उमटवला.

आता बाळांनो, गंमत अशी की तोवर सोनाक्काचा गुन्हा सगळे विसरून गेले होते. जुने होते ते बहुतेक मेले होते, नव्यांना वाटायचं म्हातारीने गुडघ्यांमुळे शाळा सोडली असेल. टिटवीने पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणवठ्यावर आठवण करून दिली. सोनाक्का अस्वल हिने भांगेचा पाला खाल्ला होता, तरी तो तिने खाल्ला होता हे विसरण्यास कोणाची हरकत असल्यास कळवावी. टिटवीचा आवाज तुम्हाला माहीतच आहे. चौथ्या दिवशी ससुल्यांची पिल्लं नोटीस वाचायचाच खेळ खेळायला लागली.

हरकत एकच आली, बिबट्याची. त्याचं पिल्लू शाळेत होतं. तो सुनावणीला आला तेव्हा त्याच्या तोंडात पाल्याचा तोबरा होता. त्याचं म्हणणं असं की पाल्याबद्दल त्याची काही तक्रार नाही, तो स्वतः रोज दोन वेळा घेतो. पण जिच्या नावाने पंधरा दिवस नोटीस निघते तिच्यात काहीतरी असणारच, उगाच कोणी नोटीस काढत नाही. तुळाजीपंताने हरकत नोंदवली आणि फेटाळली. मग त्याने वही उघडून सोनाक्काच्या नावावर गेरूची रेघ ओढली. बिब्ब्याची काळी नावं बारा वर्षांत एकमेकांत मिसळून गेली होती. आता त्या पानावर एकच नाव लांबून दिसत होतं.

दाखला त्याने स्वतः लिहिला. सोनाक्का अस्वल हिच्या नावावर भांगेचा कोणताही गुन्हा नाही. अक्षर असं उतरलं होतं की त्याचे डोळे भरून आले.

दाखला गळ्यात बांधून सोनाक्का शाळेत गेली. तुळाजीपंतही बरोबर गेला. मृणालबाई टपरीवरून आणवलेलं भांगेचं सरबत पीत होत्या. त्यांनी दाखला दोनदा वाचला आणि अक्षराचं कौतुक केलं.

"माझं काही म्हणणं नाही हो," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडे सात शिक्षक आहेत आणि एकाच्याही गळ्यात असला दाखला नाही. पालक विचारणारच, यांनाच का लागला?"

सोनाक्का परत फिरली. कुंपणाबाहेर येईपर्यंत ती ताठ चालली. मग एका दगडावर बसली आणि बराच वेळ आपल्या नख्यांकडे बघत राहिली. तुळाजीपंत बाजूला उभा होता. त्याला भयंकर लाज वाटली. बारा वर्षांपूर्वी वाटायला हवी होती ती लाज सगळी एकदम आली.

तो तसाच दरबारात गेला. वही महाराजांपुढे ठेवली आणि त्याने सगळं सांगून टाकलं. पानं तीन खाल्ली, नाव लिहिलं नाही, आता लिहा. त्याचा हिशेब असा होता की त्या लाल रेघेशेजारी दप्तरदाराचंही नाव दिसलं, तर त्या रेघेला कोण भीक घालतंय.

महाराजांनी दिवाणजींकडे बघितलं. दिवाणजी कोल्ह्याने घसा साफ केला.

"पंत, पाला खाणं हा आज गुन्हा नाही. जो गुन्हा नाही तो वहीत कसा लिहिणार?"

"पण तेव्हा होता."

"तेव्हा तुम्ही लिहिला नाहीत. आता मुदत गेली."

तुळाजीपंताने हे कलम ओळखलं. ते त्याचंच होतं. महाराज मात्र गहिवरले होते. बारा वर्षांनी, कोणी विचारलं नसताना, स्वतःहून येऊन कबुली देणारा नोकर त्यांनी पाहिला नव्हता. सोनाक्कानेही कबुली दिली होती, पण ती अर्जासोबत, नियमाप्रमाणे. तिच्यात गहिवरण्यासारखं काही नव्हतं. महाराजांनी तिथल्या तिथे तुळाजीपंताची नेमणूक केली. पिल्लांच्या शाळेत, नीतीचा शिक्षक म्हणून.

त्याने नाही म्हणायचं ठरवलं. दोन दिवस त्याने ते मनातल्या मनात ठरवलं. तिसऱ्या दिवशी तो वर्गावर गेला.

नीतीचा पहिला तास चालू असताना बिबट्याचं पिल्लू सादड्याच्या शेंड्यावर जाऊन अडकलं. खाली आकांत झाला. मृणालबाईंनी नियम क्रमांक चार मोठ्याने म्हणून दाखवला. पिल्लाला तो पाठ होता, तेही वरून म्हणालं, आणि फांदी कडकडली. गवत आणायला कोणी पळालं. तुळाजीपंत बुंध्याशी उभा होता, आणि पाठीवर एवढे काटे असलेल्याने खाली उभं राहणं बरं नव्हे हे त्याला उशिरा कळलं.

तेवढ्यात कुंपणाबाहेरून आवाज आला. मोठा नव्हता.

"खाली बघू नगं, लेकरा. खोडाला मिठी मार. आता मागचा डावा पाय. सोड. घसरू दे. मी हाय हितं."

पिल्लाने मिठी मारली. डावा पाय सोडला, मग उजवा. सोनाक्का कुंपणाला तोंड लावून एका डोळ्याने बघत एकेक पाय सांगत होती, आणि गळ्यातला दाखला कुंपणाच्या काटक्यांवर खडखडत होता. पिल्लू जमिनीला टेकलं तशी ती घराकडे चालू लागली.

मृणालबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि शाळेची रोजवही तुळाजीपंतापुढे ठेवली. घडलेलं सगळं लिहून काढायचा नियम होता, आणि पंतांसारखं अक्षर शाळेत कोणाचं होतं?

तुळाजीपंताने काटा बुडवला. सोनाक्काने पिल्लू उतरवलं असं लिहिलं, तर परवानगीवाचून शिकवलं म्हणून तिच्यावर नवी नोंद होईल. दिवाणजी सोडणार नाहीत. तिच्या भल्यासाठीच तिचं नाव नको. त्याने खूप विचार केला, आणि त्याला मनापासून पटलं.

मग त्याने लिहिलं: पिल्लू आपोआप उतरलं.

ओळ फार देखणी आली होती. मृणालबाईंनी ती बाकीच्या शिक्षकांना दाखवली.

तात्पर्य: बाळांनो, पाला खावा की खाऊ नये, हे राजाच्या गुडघ्यावर सोडून द्यावं. आपण लहानपणापासून अक्षर तेवढं चांगलं ठेवावं, म्हणजे वही आपल्या हाती येते आणि नीतीही मागोमाग येते. ही गोष्ट सांगणाऱ्याचं अक्षरही चारचौघांत वाखाणलं जातं. गोष्टीत त्याचं नाव कुठे आलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.