हिंमतअप्पांचं यंदाचं पुस्तक

हिंमतअप्पांच्या दुकानात पुस्तक मागायचं नसतं. मागितलंत की अडकलात. आधी ते चष्मा कपाळावर चढवतात, तुम्हाला पायांपासून डोक्यापर्यंत बघतात आणि विचारतात, "कसाले जोयजे?" कशाला पाहिजे? याचं नीट उत्तर ज्याला देता येत नाही, तो नंदुरबारात कितीही मोठा असो, रिकाम्या हाताने परत जातो. मी गेलो आहे. आणि ते मी विसरलेलो नाही.

माझं मिरचीचं गोदाम अप्पांच्या दुकानासमोरच आहे. आधी पाठीवर पोती वाहिली, मग पोती विकत घेतली, मग गोदाम. यात कोणाचे उपकार नाहीत. बाजारात माझ्याशी भाव करायला लोक एकटे येत नाहीत, सोबत कोणाला तरी घेऊन येतात. अशा माणसाला समोरच्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने भर दुपारी हाकलून दिलं, त्याची ही हकिगत.

झालं असं, की मी नवं घर बांधलं. सुरतेहून आणलेला सजावटवाला म्हणाला, "शेठ, शोकेसमध्ये पुस्तकं पाहिजेत. सोफा लाल आहे, तर लालच घ्या." पुस्तकवाला समोरच होता. गेलो. म्हटलं, "अप्पा, दोन फळ्या भरतीन इतली लाल पुस्तकं काढा. भाव घाऊक लावा."

"कसाले जोयजे?"

"शोकेसमां ठेवाले."

अप्पा उठले. मला वाटलं, पुस्तकं काढायला उठले. त्यांनी दुकानाची पायरी दाखवली. "शेठ, मन्हाकडे पुस्तकं शेतस, टाइल्स नही. टाइल्सवाला फुडे शे."

रस्त्यावरचे रिक्षावाले हसले. त्यातले दोन अजूनही मला बघून हसतात.

बरं, हा माणूस विकतो तरी काय? परीक्षेचं गाइड मागितलं तर म्हणतो, "ते मेडिकलमां भेटी." जुनं, गाजलेलं काही मागितलं तर म्हणतो, "ते तुन्हा बापनी वाचं व्हई, तू त्यालेच इचार." त्याला फक्त नवी पुस्तकं आवडतात. काचेमागे एकच पुस्तक रस्त्याकडे तोंड करून उभं असतं. ते अप्पांचं यंदाचं पुस्तक. त्याहून चांगलं सापडेपर्यंत ते तिथून हलत नाही. दूध घ्यायला निघालेल्या माणसाला अप्पा थांबवतात आणि गोष्ट सांगायला लागतात. हात हलवून, आवाज काढून, अहिराणीत. माणूस पिशवी घेऊन उभाच राहतो. गोष्ट ऐन रंगात आली की अप्पा थांबतात. "बाकीनी वाची ले. येनाम्होरे बाकी सब भूस! आनि शेवट काय व्हस, ते माले ईसन सांग."

शेवट येऊन सांग, हे वाक्य त्यांच्या धंद्याच्या मुळावर आलं होतं. लोकांना वाटे, अप्पा मास्तरासारखी परीक्षा घेणार. पुस्तक घेऊन जात आणि मग अप्पांचं दुकान चुकवायला पलीकडच्या फुटपाथवरून, माझ्या मिरचीच्या ठसक्यातून, नाकाला रुमाल लावून जात. अप्पा दारातून हाक मारत, "वाचं का रे?" माणूस कानाला मोबाइल लावी.

मी ठरवलं, म्हाताऱ्याला त्याच्याच मालावर धरायचं. काचेमागचं पुस्तक घ्यायचं, त्यातली खोट काढायची आणि भर रस्त्यात सांगायची. पण मला तो विकणार नाही. म्हणून नवापूरहून माझ्या मेव्हण्याला बोलावलं. त्याची पोल्ट्री आहे. अप्पांनी विचारलं, "कसाले जोयजे?" हा घाबरून खरंच बोलून गेला, "दिवसभर कोंबड्याच ऱ्हातीस, अप्पा. बोलाले कोनी नही." अप्पांनी काचेमागच्या पुस्तकाची एक प्रत काढून लगेच त्याच्या हातात ठेवली. वर पाण्याचा ग्लास दिला. मला आजवर पाणी विचारलेलं नाही.

पुस्तक माझ्या हातात आलं. वर चित्र नदीचं, एक नावाडी आणि त्याची होडी. आता आमच्या धंद्यात पोत्याच्या तोंडाशी असलेली मिरची कोणी बघत नाही. ती दाखवायचीच असते. हात तळाशी घालायचा असतो. सवयीने मी पुस्तकाच्याही तळाशीच हात घातला. शेवटचं प्रकरण वाचलं आणि डोकं फिरलं. तसाच रस्ता ओलांडला आणि पुस्तक अप्पांच्या टेबलावर आपटलं.

"अप्पा, हाऊ माल खराब शे!"

"तुले कोनी दिधं?"

"ते ऱ्हाऊ द्या. हाऊ तुमना नाववाला शेवटले काय करस? समोरला जो भाव बोलना, त्याच भावमां नाव दी टाकस! हूं का चूं नही! असा मानूस तापीकाठे जल्मले येल शे का?"

मला वाटलं, आता पेटतील. पण अप्पा खुर्चीत बसले. चेहरा पडला. "नाव इकी टाकी त्यानी?"

मग माझ्या लक्षात आलं. "अप्पा! तुम्ही शेवट वाचाच नही!"

अप्पांनी चष्मा काढून हातात घेतला.

"अख्ख्या गावले उपदेश करतस आनि सोता न तपासेल माल इकतस? थांबा, रस्तावर जाईसन सांगस!"

"सांग," अप्पा म्हणाले. "मी कोनताच शेवट वाचत नही. मुद्दाम ठेवस. मीच वाची टाकं, मंग कोनी सांगाले उना तर मी ऐकसू काय?"

"आनि उना का कोनी?"

त्यांनी मान आडवी हलवली. आजवर एकही आला नव्हता. मग चष्मा पुसत म्हणाले, "तू उना. भांडाले का होयना."

बाजारात समोरच्याचा हात असा ढिला पडला की तिथेच भाव दाबायचा असतो. मला ते कोणी शिकवायला नको. पण अप्पांनी विचारलं, "कोनाले इकी नाव?"

"लाकूडवाल्याले."

"तोडाले?"

"मंग काय पूजा कराले?"

"मंग भाव कसा करी तो?" अप्पांचा आवाज परत चढला. "ज्याले तुन्ही नाव तोडनी शे, त्यानासंगे तू भाव करशी?"

"का नही करसू? सागनं लाकूड शे ते!"

"साग नही, बाभूळ! बापनी नि त्यानी जोडेजोडे बठीसन करेल नाव शे ती. तू सुरुवात वाची का?"

"नही."

"मंग तोंड बंद ठेव नि ऐक."

मी तोंड बंद ठेवत नसतो. पण त्यांच्या पुस्तकांच्या खोक्यावर बसलो. बसा म्हणायची त्यांची पद्धत नाही. त्यांनी मला सुरुवातीची बाजू सांगितली, मी त्यांना शेवटची. नदीवर पूल झाला, नावेला गिऱ्हाईक उरलं नाही, हे मला तेव्हा कळलं. तरीही भाव करायला हवा होता, हे माझं मत मी बदललेलं नाही. आम्ही दोघं इतक्या जोरात बोलत होतो की रिक्षावाले उठून बघायला आले.

तेवढ्यात एक सभ्य गृहस्थ पायरी चढले. टेबलावरच्या पुस्तकाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे आहे का हो विकायला?"

अप्पांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"नंतर या भाऊ," ते म्हणाले. "आते मन्हाकडे मानूस बठेल शे."