सरांच्या पॉइंटांवर बोधगया

विमानतळावरच्या मुलीने एवढेच विचारले होते, की सदस्यत्वाच्या कार्डावर नाव काय घालायचे. रामकिशन सोनकांबळे यांनी टायची गाठ सारखी केली आणि सांगितले, "आर. के. सर." माणसाचे वाटोळे व्हायला पुष्कळदा एवढेच पुरते.

लातुरात यात कोणाला काही वावगे वाटले नसते. तेथे भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला आईबापांनी ठेवलेले नाव फक्त बँकेत लागते. एरवी चौकातल्या फलकावर दोन अक्षरे, पुढे 'सर', आणि खाली हाताची घडी घातलेला फोटो. (फोटोतले केस जुने होते.) क्लासच्या दिल्लीच्या शाखेत शिकवायला ते नांदेडहून विमानाने जात. नांदेडच्या काउंटरवरील मंडळींची मुले त्यांच्याच क्लासला होती. त्यामुळे तिकिटावर सोनकांबळे आणि कार्डावर सर ही तफावत कोणाच्या डोळ्यांत खुपली नाही. फेरीमागून फेरी झाली आणि फुकट तिकिटाचे पॉइंट सरांच्या खात्यात साचत गेले.

हे सारे पॉइंट मायसाठी आहेत, असे ते चारचौघांत सांगत. माय म्हणजे नागुबाई. औसा तालुक्यातले त्यांचे गाव भूकंपात जमीनदोस्त झाले, तेव्हा पहाटे दगडमातीच्या ढिगाऱ्यातून या मुलाला तिने हातांनी उकरून बाहेर काढले होते. मुलगी मात्र हाती लागली नाही. त्यानंतर तिने आयुष्याकडे एकच गोष्ट मागितली. एकदा बोधगयेला जाऊन, मुलीच्या नावाने बोधिवृक्षाखाली मेणबत्ती लावायची. आता गुडघे थकले होते आणि आगगाडीचा लांबचा प्रवास डॉक्टरांनी नको म्हटला होता.

साध्या दोन जागांपुरते पॉइंट केव्हाच झाले होते. पण सरांच्या आईने साध्या जागेवर बसावे, हे सरांना पटेना.

"पुढच्या रुंद खुर्चीत नेतो तुला, माय. अजून थोडे जमू दे."

"बसायला किती जागा लागती रं मला," नागुबाई म्हणे आणि गुडघ्याला तेल चोळत बसे.

मग एके सकाळी त्यांची पत्नी लुंबिनी वर्तमानपत्र वाचता वाचता थांबली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असे आणि घरात नवऱ्याला सर म्हणत नसे.

"अहो, तुमची विमानकंपनी दुसरीत विलीन झाली. जुने पॉइंट नवीन खात्यात घ्यायचे तर नाव आधारप्रमाणे पाहिजे म्हणे."

"लातुरात मला कोण ओळखत नाही?"

"कंपनी लातुरात नाही."

सरांनी फोन लावला. पुष्कळ वेळ बासरी ऐकवल्यावर पलीकडून एक तरुण बोलू लागला.

"खातेदाराचं आडनाव 'सर' दिसतंय. आपलं आधार सोनकांबळे. म्हणजे हे दोन वेगळे गृहस्थ झाले."

"ते मीच आहे."

"मग त्यांचं आधार पाठवा."

"त्यांचं वेगळं आधार कसं असेल?"

"नसेल तर अवघड आहे. खातेदार हयात नसतील, तर मात्र प्रतिज्ञापत्रावर वारसाला मिळतात पॉइंट."

येथे शहाण्या माणसाने फोन ठेवला असता. सरांनी आयुष्यभर मुलांना अवघड प्रश्नाची सोपी युक्ती शिकवली होती. सरांना मारणे हीच सोपी युक्ती आहे, हे त्यांच्या लगेच ध्यानात आले. ओळखीच्या वकिलाकडून त्यांनी प्रतिज्ञापत्र करून आणले. आर. के. सर वारले, वारस नागुबाई.

"माय, तिकिटाचा कागद आहे. इथं सही कर."

सही करायला तिला लुंबिनीने शिकवले होते. नागुबाईने चष्मा लावला आणि एकेक अक्षर जपून काढले. आपण कशावर सही करतो आहोत, हे तिने विचारले नाही. मुलगा सांगतो आहे, एवढे तिला पुरे होते.

पुढल्या रविवारी सर जेवत असताना मायचा फोन वाजला. तिने तो नेहमीप्रमाणे सर्वांना ऐकू येईल असा लावला.

"नागुबाई बोलताय का? विमानकंपनीतून बोलतेय. आर. के. सर गेले, त्याबद्दल आम्हाला दुःख आहे. फक्त खात्री करायची होती."

"कोन गेलं म्हनता?"

"आर. के. सर. आपले चिरंजीव."

नागुबाईने समोर पाहिले. "तो तर म्होरं बसून भाकर खायलाय."

"आजी, प्रतिज्ञापत्रावर आपलीच सही आहे."

सर हातांनी 'हो म्हण' अशा खुणा करू लागले. नागुबाईने त्या पाहिल्या, आणि शांतपणे फोनमध्ये सांगितले, "सही माझी हाय, बाई. पर ते खोटं हाय. पोरगा जित्ता हाय."

फोन बंद झाला. पॉइंटही बंद झाले.

"माय, 'हो' म्हणाली असतीस तर झालं असतं. तुझ्यासाठीच केलं मी."

"रोज सकाळी खोटं बोलनार न्हाई म्हनून शील घेते म्या. खोटं बोलून बुद्धाच्या दारात जाऊ?" तिचा आवाज चढला नाही. "एक लेकरू मातीत गेलं. दुसरं उकरून काढलं. आन त्याच्या मरनावर माझ्याच हातानं सही घेतलीस, बाबा."

लुंबिनीने त्यांच्या पुढ्यातले ताट उचलले. जेवण झाले का, हे विचारले नाही.

वैशाखात विहारातल्या बायका आगगाडीने निघाल्या, त्यांच्यासोबत नागुबाई निघाली. गुडघ्यांना पट्टे बांधले होते, आधाराला लुंबिनी होती. सरांनी मीही येतो म्हटले. त्यावर लुंबिनीने काढलेली दोनच तिकिटे दाखवली. डब्यात चढताना मायला फार त्रास झाला. तो फलाटावरून सगळ्यांना दिसला, सरांनाही.

नव्या कंपनीने रामकिशन सोनकांबळे यांचे स्वागत केले, शिल्लक शून्य असल्याचे कळवले आणि वारंवार प्रवास करण्याची विनंती केली.

पौर्णिमेला बोधगयेहून मायचा फोन आला.

"दर्शन झालं. पोरीच्या नावानं मेनबत्ती लावली. एक जास्तीची होती, ती तुझ्या त्या सराच्या नावानं लावली."

सरांनी विचारले, "माझ्या नावानं, माय?"

"सराच्या. भंतेजीनं इचारलं, हे कोन लागतेत तुमचे? म्हनलं, वळख हाय. आमच्या घरी जेवायला येतेत."