सीलबंद बिया

वजनमापे निरीक्षकाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हौसेसाठी एक वस्तू घेतली. हाताने दांडा दाबून कॉफी काढायचं यंत्र. ते ओट्यावर मिक्सरच्या जागी आलं आणि मिक्सर फ्रीजवर गेला.

"आता मिक्सर लावायला मी स्टुलावर चढू का?" बायकोने विचारलं.

"थोडे दिवस. एकदा कॉफी प्यायलीस की तूच म्हणशील."

"पंधरा दिवस देते. तेवढ्यात पिण्यासारखा एक कप करून दाखवा. नाहीतर हे माझ्या भावाकडे. त्याने आधीच विचारून ठेवलंय."

मेहुण्याकडे गेलेली वस्तू परत येत नाही, हे निरीक्षकाला ठाऊक होतं. त्याची शिडी सहा वर्षांपासून तिथेच मुक्कामाला होती. बावीस वर्षं त्याने लोकांचे काटे तपासले होते. तपासायची नाही, नुसती वापरायची, अशी ही पहिलीच वस्तू त्याच्या हाती आली होती आणि ती जाईल या विचाराने त्याला खरंच वाईट वाटलं.

यंत्राबरोबर दळायची छोटी चक्की आणि खिशात मावेल असा काटाही आला होता. माहितीपुस्तिकेत 'बिया अठरा ग्रॅम' असं स्पष्ट लिहिलेलं पाहून निरीक्षक सुखावला. कोपऱ्यावरच्या दुकानातून बिया आणून त्याने मोजल्या, दळल्या, दांडा उचलला आणि दाबला. यंत्र ओट्यावरून सरकत सिंककडे निघालं.

"धर, धर."

"धरायचं मी, तर कप तुमचा कसा?" बायको म्हणाली, पण तिने धरलं.

पहिला कप पाणीदार झाला. दुसऱ्या वेळी बिया बारीक दळल्या, तर दांडा जागचा हलेना. निरीक्षक अंगाचं सगळं वजन टाकून लोंबकळला तेव्हा कपात चार थेंब पडले, तेही कडूजहर. "बियाच शिळ्या आहेत," तो म्हणाला. बायकोने कॅलेंडरवर फुली मारली.

चौथा दिवस सुट्टीचा होता. गोदामांच्या रस्त्याला एक भट्टीवाला स्वतः बिया भाजतो असं कळल्यावर निरीक्षक तिकडे गेला. फळीवर पाव किलोची चाळीस पाकिटं मांडली होती.

"आजच भाजल्यात," भट्टीवाला म्हणाला. "दहा दिवस हात लावू नका. मुरू द्या, मग चव लागते."

माणूस खरा वाटला. निरीक्षकाने एक पाकीट उचललं आणि सवयीने खिशातला काटा काढला. पाकिटाचं वजन वगळून दोनशे चव्वेचाळीस ग्रॅम. दुसरं पाकीट, तेवढंच. तिसरंही. प्रत्येक वेळी नेमकी तेवढीच तूट आली तर आधी आपला काटा तपासावा, हे तो खात्यातल्या नवशिक्यांना दरवर्षी शिकवत असे. पण दिव्याखाली अंधार असतो तो असा.

"साहेब, तुम्ही बिया घ्यायला आलात ना?"

"आलो होतो. आता पंचनामा करावा लागेल."

लाख आणि ठसा गाडीच्या डिकीत कायमच असत. चाळीसही पाकिटं सील होऊन ऑफिसच्या कपाटात गेली.

दुसऱ्या दिवशी खात्याच्या काट्यावर प्रत्येक पाकीट बरोबर अडीचशे भरलं. मग निरीक्षकाने खिशातल्या काट्यावर खात्याचं प्रमाणित वजन ठेवलं, तर अडीचशेचे दोनशे चव्वेचाळीस दिसले. माल सोडायला मोठ्या साहेबांची सही लागते, आणि मोठे साहेब लेकीकडे गेले होते. ते परतणार होते चौदाव्या दिवशी. आपलेच दात, आपलेच ओठ.

"साहेब, कपाट उघडं राहिलंय का?" कारकुनाने हुंगत विचारलं.

"सीलबंद आहे."

"वास नाहीये सीलबंद."

घरी बायकोने विचारलं, "मिळाल्या बिया?"

"मिळाल्या. ऑफिसच्या कपाटात आहेत."

"मग आणा की."

"जप्त आहेत."

"कुणी केल्या?"

निरीक्षक कॅलेंडरवरचे उरलेले दिवस मोजायला लागला.

चौदाव्या दिवशी मोठ्या साहेबांनी सही केली आणि विचारलं, "ज्या काट्यावर मोजलंत, त्यावर शिक्का होता?" नव्हता. बिनशिक्क्याचा काटा जप्त करायचा असतो, तो निरीक्षकाने रीतसर जप्त केला. जप्त करणारा म्हणून एक सही केली, ज्याच्याकडून जप्त केला तो म्हणून दुसरी.

भट्टीवाला माल न्यायला आला. निरीक्षकाने मान खाली घालून माफी मागितली.

"कपाट थंड होतं?" भट्टीवाल्याने विचारलं.

"थंड. अंधारंही."

"मग झकास मुरल्यात. इतका धीर कुठलं गिऱ्हाईक धरतं?" त्याने एक पाकीट टेबलावर ठेवलं. "हे तुमचं. पैसे मात्र पूर्ण पडतील, वजन पूर्ण आहे."

पंधराव्या दिवशी सकाळी निरीक्षक पाकीट फोडून ओट्यापाशी उभा राहिला. काटा नव्हता.

"अठरा ग्रॅम मोजू कसे?"

"सरका," बायको म्हणाली. तिने मूठभर बिया काढल्या, दोन परत टाकल्या, बाकीच्या दळायला दिल्या. मग तिने यंत्र घट्ट धरलं आणि निरीक्षकाने दांडा दाबला. कपात दाट, तांबूस धार पडली. बायकोने एक घोट घेतला. मग दुसरा. निम्मा कप संपला.

"पिण्यासारखा झालाय," ती शेवटी म्हणाली.

निरीक्षकाला इतका आनंद बढतीच्या दिवशीही झाला नव्हता. "म्हणजे यंत्र राहिलं."

"मूठ माझी, धरलं मी. कप तुमचा कसा?"

शब्दात पकडणारे व्यापारी त्याने खूप पाहिले होते. पण हिचा मुद्दा बिनतोड होता. त्याने मुकाट्याने मेहुण्याला फोन लावायला घेतला.

"ठेवा तो फोन," बायको म्हणाली. "माझी वस्तू मी कुणाला का देऊ?"

दुसऱ्या दिवशी त्याने तिच्याकडून तीन मुठी बिया घेतल्या, वेगवेगळ्या पुड्या बांधल्या आणि ऑफिसच्या काट्यावर ठेवून पाहिल्या. अठरा, अठरा, अठरा. संध्याकाळी त्याने तिला आकडे सांगितले आणि म्हणाला, "शिक्का मारण्यासारखी मूठ आहे."

"मारा," ती म्हणाली. "आधी मिक्सर खाली काढा."