आक्कांचा चारचा तास

दोन हजार एक सालच्या जूनमधल्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी चार वाजता, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका नर्सिंग शाळेत निवृत्त सिस्टर आनंदी कांबळे, म्हणजे आमच्या आक्का, यांच्या हातातला खडू काढून घेतला गेला. गुन्हा एकच. त्या समजेल असं शिकवायच्या.

डॉक्टरांच्या चिठ्ठीतली इंग्रजी आखूड अक्षरं आम्हा मराठी शाळेतल्या पोरींना घाम फोडायची. आक्कांनी प्रत्येकाला कोल्हापुरी अंगडं शिवलं होतं. एच.एस. म्हणजे गोळी झोपताना: "हातरुणात शिरताना!" पी.सी. म्हणजे जेवणानंतर: "पोटात चपाती!" एस.ओ.एस. म्हणजे गरज पडली तर: "सोसंना झालं तरच गं बाय, उगं वाटत सुटायचं न्हाय." हे वेड घरीही. दूधवाल्याला म्हणाल्या, "बी.डी. येत जा." तो बिडीचं बंडल घेऊन आला. त्याला अर्धा तास शिकवलं. तेव्हापासून बिचारा दिवसातून दोनदा येतो.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी मला एन.बी.एम. विचारलं. म्हणजे ऑपरेशनआधी पेशंटला तोंडानं काहीही द्यायचं नाही. मी घाबरून आक्कांचंच बोलले, "न्हाय भाकरी मिळणार!" परीक्षक पोट धरून हसले आणि मला पास करून गेले. प्राचार्यबाई हसल्या नाहीत. संस्थेची अब्रू गेली म्हणे! आक्का बाहेर. फळ्यावर 'निल बाय माउथ' आलं, शंभरदा घोकून घेतलं. त्याच आठवड्यात घोकणाऱ्या एकीनं ऑपरेशनच्या पेशंटला चहा-बिस्किट दिलं. तिला वाटलं, निल हा पलीकडच्या खाटेवरचा पेशंट. ऑपरेशन पुढं ढकललं. अब्रू शाबूत.

आक्कांनी चारचा तास घरीच मांडला, तर वर फर्मान निघालं: जी आक्कांच्या घरी शिकायला जाईल, तिचे गुण कापू.

गेल्या आठवड्यात मी शिवाजी पेठेत त्यांच्या खोलीवर गेले. चारला पाच कमी. दार सताड उघडं, सतरंजी अंथरलेली, कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून आक्का बसलेल्या. दोन महिन्यांत एकही पोरगी फिरकली नव्हती.

"कुणाची वाट बघताय, आक्का?"

"कुणाची न्हाय की. तास चारचा हाय, म्हणून बसतो." मग हळूच म्हणाल्या, "ती चहा दिलेली पोर लई रडली असंल न्हवं? तिला म्हणावं, ये. मी रागवायची न्हाय."

तुमच्या घरातली, गल्लीतली एखादी मुलगी नर्सिंगला असेल, तर प्राचार्यबाईंची परवानगी मागत बसू नका. उद्या चार वाजता तिला त्या सतरंजीवर नेऊन बसवा. स्वतः.