गावातल्या सगळ्यांना आमंत्रण

"चिठ्ठी कुठे लावलीस?" एर्नानं विचारलं.

"पोस्टातल्या फळ्यावर. आणखी कुठे?" गावच्या नाचाच्या हॉलमागच्या शेगडीवर सॉसेज उलटवत हिल्मर म्हणाला. आज त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती आणि स्वारी भलतीच खुशीत होती.

"आणि लिहिलंस काय?"

"आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलेत तेच. शनिवारी दुपारी जेवण आणि नाच. गावातल्या सगळ्यांना आमंत्रण."

एर्नानं कपाळावर हात मारला. "अरे, आपल्या लग्नात गाव चारशेचं होतं. आता ऐंशी हजारांचं झालंय!"

हिल्मरला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच्याच मक्याच्या शेतावर तीन कॉलन्या उठल्या होत्या. पण 'सगळे' म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे जुनी चार घराणीच यायची. चिठ्ठीचा फोटो मात्र फोनवरून कॉलनी-कॉलनीत फिरला होता. एक वाजता मोटारींची रांग हमरस्त्याला भिडली आणि दोन वाजता सॉसेज संपले.

हिल्मरच्या घराण्याच्या, बोडेमानांच्या दारातून आजवर कुणी उपाशी गेलं नव्हतं. आता नाक कापलं जाणार! हिल्मरनं जावयाला शेजारच्या गावी खाटकाकडे पिटाळलं आणि धावत बँड गाठला.

"वाजवा! मी हात वर करेपर्यंत थांबायचं नाही!"

नाचणारा माणूस ताट घेऊन उभा राहत नाही, हा त्याचा हिशेब. पण नव्या मंडळींना जुन्या लोकांचा तो पोल्का नाच येत होता कुठे? मग हिल्मरच एकेकाला रांगेतून ओढू लागला. "या बाई, लाजू नका! एक उडी, मग तीन पावलं!" जुनी म्हातारी मंडळीही चेव येऊन शिकवायला उतरली. लाकडी जमीन हादरू लागली.

तासाभरानं जावई ओरडला, "पप्पा, सहाशे आणलेत!"

शेगडी पुन्हा पेटली. "जेवण तयार आहे!" हिल्मरनं हाळी दिली. कुणी ढिम्म हललं नाही.

"थांबा हो काका, आत्ता कुठे जमतंय!" नव्या कॉलनीतली एक मुलगी गिरकी घेत म्हणाली.

सहाशे सॉसेज! खाणार कोण? हिल्मरला घाम फुटला. तो बँडसमोर धावला, हात वर केला, तोच गर्दीतून नाचून नाचून लालबुंद झालेली एर्ना आली.

"खबरदार! पन्नास वर्षं दर समारंभात तू शेगडीपाशी आणि मी भिंतीपाशी. आज नाचतेय, तर बंद करतोस?"

"अगं, सॉसेज करपतील!"

"करपू देत!" म्हणत तिनं त्याचा वर गेलेला हात खाली ओढला आणि सरळ आपल्या कमरेवर ठेवला.

अख्ख्या गावाला नाचायला शिकवणाऱ्या हिल्मरनं पहिल्याच उडीला बायकोचा पाय तुडवला.