राहनाळची मागणी

गजाभाऊ म्हात्रेंना एका दमात दोन प्रश्न विचारले, की ते पहिल्याचं उत्तर देत आणि दुसऱ्यापुढे वाहतूक पोलिसासारखा हात आडवा धरत. "एक संपू दे. मग दुसरा." शेठनी एकदा सर्व्हर, प्रिंटर आणि ट्रक असं तिन्हींचं एकदम विचारलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "शेठ, दोन मागण्या परत पाठवल्यात. जरा वेळानं पुन्हा टाका."

काल्हेरला गोडाऊनच्या माळ्यावर आमचं ऑफिस होतं. भाऊ तिथले सर्व्हरवाले, मी त्यांच्या हाताखालचा नवा प्रोग्रॅमर. सगळ्या गोडाऊनांच्या फाईली एका सर्व्हरवर असत आणि प्रत्येक कॉम्प्युटर त्याच्याकडे फाईल मागे. एखादा उत्तराची वाट न बघता मागतच सुटला, की बाकीचे उपाशी. म्हणून भाऊंनी सर्व्हरच्या कोडमध्ये मर्यादा घातली होती: ठरल्यापेक्षा जास्त मागितलंस, की परत जा. हाच नियम ते जगालाही लावत. पंगतीत वाढप्यानं दोन जिलब्या टाकल्या, तर एक शेजारच्याच्या पानात जाई. त्यांच्या लग्नाचं कुणी विचारलं, की तो प्रश्न हमखास दुसरा असे.

एका उन्हाळ्यात रोज दुपारी जेवणाआधी सर्व्हर गुदमरायला लागला. गेटपास निघेनात, ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत, ड्रायव्हरांच्या शिव्या. मी पाहिलं, तर एकच कॉम्प्युटर एकच जुनी फाईल पुन्हा पुन्हा मागत होता, दार ठोठावत सुटावं तसा. त्याचं नाव वाचलं आणि अंगावर काटा आला. राहनाळचं ऑफिस. तिथे एकट्या बसणाऱ्या सुलभा मॅडम दिवाळीत वारल्या, तेव्हापासून ते बंद होतं.

बातमी खाली पोचली. हमाल दुपारचे माळ्यावर येईनात. "मॅडम फाईल माँगती है," म्हणत एकानं दाराला लिंबू-मिरची बांधली.

मला कळेना, मर्यादा असताना सर्व्हर या मशीनला अडवत का नाही? मी कोड उघडला. तपासणी चोख होती. पण तिच्या आधी एक ओळ होती: राहनाळचं मशीन असेल, तर मोजू नकोस.

"भाऊ, ही ओळ तुमची?"

"हां. मॅडम होत्या तेव्हाची. त्यांना थांबायला लागू नये म्हणून."

"आता काढू?"

"न्हाय." मग उठत म्हणाले, "चल, राहनाळला जाऊ."

भर उन्हात त्यांच्या स्कूटरवरून गेलो. वॉचमन उठून उभा राहिला. "भाऊ, आज दुबारा आये?"

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी खिशातून चावी काढली.

जिना चढून वर ऑफिसात गेलो, तर कापडाच्या गठ्ठ्यांचा कोंदट वास. टेबलावर जाड धूळ, कॉम्प्युटरवर मात्र कणभर नाही. तो चालू होता.

"रोज सकाळी मीच चालू करतो," भाऊ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "मॅडम दुपारी जेवणाआधी फोन करायच्या. 'सर, सर्व्हर हाय ना?' मी म्हणायचो, 'हाय.' एवढंच बोलणं आमचं, पण रोजचं. त्या गेल्या, फोन थांबला. मशीन चालू असलं की तिकडं सर्व्हरवर त्यांच्या मशीनचं नाव तरी दिसतं."

"आणि ही फाईल?"

पहिल्यांदाच मला ते घाबरलेले दिसले. "मी फक्त बटण दाबतो रे. इतके महिने मशीन गप होतं. फाईल मी न्हाय मागत."

"एखादा जुना प्रोग्रॅम अडकला असेल," मी म्हणालो.

"असंल."

तिथूनच सर्व्हरला जोडून त्यांनी ती ओळ स्वतःच्या हातानं पुसली आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. पडद्यावर एकामागून एक नकार यायला लागले. प्रत्येक नकाराला भाऊंचे डोळे मिटत होते. काल्हेरहून फोन आला, गेटपास निघू लागले होते.

"तू खाली हो," भाऊ म्हणाले. "मी आलोच."

जिना उतरताना वरून त्यांचा आवाज ऐकू आला, हलका, समजावणीचा. "राग मानू नका मॅडम. तिकडं ट्रक अडकतात." मग ते थांबले, समोरच्याला उत्तर द्यायला लागावा तेवढा वेळ.

आणि खुदकन हसले.